अंगणातले ऊन मोजणारे मेज

मागच्या आठवड्यात बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता मला पोटमाळ्यावरून खाली उतरवण्यात आले. दोन हमाल, एक दोर आणि एक जुनी गादी एवढ्यावर काम भागले. उतरताना माझा मागचा डावा पाय जिन्याच्या कठड्यावर आपटला आणि त्याचा टवका उडाला. त्याआधी मी नऊ वर्षे आणि चार महिने वर पडून होते.

मित्रांनो, मी एक जुने सूर्यमेज आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. माझ्या जातीची मेजे आता फारशी कुणी करत नाही. इमारत बांधण्याआधी तिची सावली कुठे पडेल, कोणाच्या खिडकीत ऊन येईल आणि कोणाचे जाईल, हे पाहण्यासाठी आम्ही असू. माझ्या चार पायांवर चार फूट रुंदीची एक गोल फळी आहे. ती आमच्या गावाच्या हिशेबाने एका बाजूला कललेली आहे आणि स्वतःभोवती फिरते. तिच्या कडेला सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंतच्या वेळेच्या पितळी खुणा आहेत. माझ्यापासून आठ फुटांवर एक उभा खांब असतो आणि त्यावर दिवा वरखाली सरकतो. दिवा वर नेला की जून, तळाशी आणला की डिसेंबर. फळीवर इमारतींची लाकडी प्रतिकृती ठेवायची, खोलीचे पडदे ओढायचे, दिवा लावायचा आणि फळी हळूहळू फिरवायची. अर्ध्या मिनिटात सकाळची संध्याकाळ होते.

माझा जन्म छत्तीस वर्षांपूर्वीचा. आमच्या बाई तेव्हा नव्याने वास्तुरचनाकार झाल्या होत्या. एका छापखान्याच्या वर दोन खोल्या, एक उंच स्टूल आणि भिंतीला टेकवलेला ड्रॉइंग बोर्ड एवढाच त्यांचा संसार. खालून छपाईची धडधड येई आणि वरची पेन्सिल हलत राही. बाईंनी माझे चित्र काढले आणि ते सुतारकाकांच्या हातात दिले. काकांनी ते उलटे धरले, सुलटे धरले, मग म्हणाले, "बाई, सूर्य तर तुम्ही आठ फुटांवर आणून ठेवलात. चंद्राचंही आत्ताच सांगून टाका, म्हणजे रंधा एकदाच काढतो."

माझे लाकूड एका पाडलेल्या शाळेच्या दाराचे आहे. फळी ज्यावर फिरते ते चाक सायकलचे. मला तयार व्हायला सतरा दिवस लागले. त्यातले चार दिवस फळीचा कल चुकला म्हणून वाया गेले, आणि त्या चार दिवसांत बाई आणि काका एकमेकांशी फक्त मापांत बोलत होते. अठराव्या दिवशी दिवा लागला. एका पुठ्ठ्याच्या घराची सावली माझ्या अंगावर सरकली, आणि दोघेही लहान मुलांसारखे खाली वाकून बघत राहिले. ती पहिली सावली मला अजून आठवते. ती बरीच थंड होती, किंवा मला तसे वाटले.

त्या दोघांच्या दोन सवयी इथे सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच अवलंबून आहे.

बाईंची सवय कागदाची. नकाशा काढताना मुख्य रस्ता कागदाच्या खालच्या कडेला समांतरच हवा, असा त्यांचा दंडक होता. "वाचणाऱ्याची मान वाकडी होता कामा नये," असे त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत. त्यामुळे जमीन प्रत्यक्षात तिरपी असली तरी कागदावर सरळ बसे आणि खरी उत्तर दाखवणारा बाण कोपऱ्यात तिरका काढला जाई. बाण नेहमी असे. तो बघायचा असतो, एवढेच.

सुतारकाकांची सवय उन्हाची. ते कागदावरून उत्तर दिशा घेतच नसत. प्रत्येक कामाच्या आधी ते स्वतः जागेवर जात, मोकळ्या जमिनीत काठी रोवत आणि माध्यान्हीची सर्वांत आखूड सावली खडूने आखून घेत. त्या रेषेवरून ते प्रतिकृतीच्या तळाला एक पितळी खिळा ठोकत. खिळ्याचे टोक ती खरी उत्तर. बाई हसत. "काका, कंपास आहे ना आपल्याकडे!"

"कंपासला लोखंडाचं वेड," काका म्हणत. "तुमच्या प्लॉटवर सळ्यांचा ढीग पडलाय. तो बिचारा तिकडेच बघत बसतो."

ती वर्षे माझी भरभराटीची होती. माझ्यावर दोन शाळा उभ्या राहिल्या, एक वाचनालय, एक प्रसूतिगृह. प्रसूतिगृहाच्या खिडक्या तीनदा सरकवल्या, कारण मार्चमध्ये दुपारी साडेतीनला ऊन थेट पाळण्यांच्या रांगेवर पडत होते. एकदा दोन सख्खे भाऊ गॅलरीवरून भांडत आले. बाईंनी त्यांना माझ्या दोन बाजूंना उभे केले आणि ऑक्टोबर लावला. धाकट्याची गॅलरी दुपारी दोनला काळी झाली. ते पाहून थोरला म्हणाला, "घे बाबा माझी." त्या भावांनी नंतर माझ्यासाठी जाड कापडाचे आवरण शिवून पाठवले. पडदे ओढले की सगळे कार्यालय शांत होई. गोंद, पॉलिश आणि तापलेल्या दिव्याचा एक मिश्र वास असे. तो वास आता कुठे येत नाही.

मग बाईंची भाची आली. तिला कार्यालयात सगळे धाकटी म्हणतात. पहिल्याच दिवशी तिने "आत्या" म्हणून हाक मारली आणि बाईंनी चष्म्यावरून पाहत "इथे बाई म्हणायचं" असे बजावले. अकरा वर्षे झाली, धाकटी अजून आत्याच म्हणते.

धाकटीबरोबर संगणक आला. कानामागून आली आणि तिखट झाली, असे मी तेव्हा मनात म्हटले. आज तसे म्हणणार नाही. मला एका दिवसाची सावली दाखवायला अर्धे मिनिट लागते. संगणक तेवढ्यात वर्षभराची दाखवतो, वारा कुठून शिरेल तेही सांगतो, छपरावर किती पाणी साठेल तेही. त्याच्याशी बरोबरी करणे म्हणजे बैलगाडीने आगगाडीला वाट सोड म्हणण्यासारखे होते. माझ्यावर आधी नकाशांच्या गुंडाळ्या आल्या, मग चहाची किटली, मग कोणाचे तरी हेल्मेट. एका सोमवारी मला पोटमाळ्यावर नेले. कापडी आवरण आधीच कोणीतरी पंख्यावर घातले होते. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. जागा हवी होती, इतकेच.

आता ज्या कामाने मला खाली आणले त्याकडे येते.

जुन्या साबण कारखान्यामागे एक वस्ती आहे. दोनशे बारा घरे, एक्केचाळीस दुकाने आणि लहान कारखाने. भिंती खचल्या, गटारे तुंबली, म्हणून ती नव्याने बांधायचे ठरले. बाईंचा आग्रह एकच होता. माणसे आणि त्यांचे धंदे त्याच जागी राहिले पाहिजेत, म्हणजे खाली दुकाने, मध्ये कचेऱ्या, वर घरे. विजेचा आणि पाण्याचा खर्चही आजच्यापेक्षा कमी व्हायला हवा. धाकटी सात महिने दारोदार फिरली. कोणाला काय हवे ते तिने विचारून घेतले आणि सगळे संगणकाला सांगितले.

वस्तीच्या मध्यभागी एक अंगण आहे. ते लाँड्रीवाल्या मावशींचे. मावशी आणि त्यांच्या पाच जोडीदारणी दोन इस्पितळांच्या चादरी धुतात. अंगणात तीस दोऱ्या आहेत. धाकटीने विचारले तेव्हा मावशींनी बोटे मोजून सांगितले होते, "आठला वाळत घालते, एकला काढते. दोनच्या आत चादर इस्पितळात पोचली पाहिजे. थंडीत मला सकाळचं ऊन हवं. दुपारचं तुमचं तुम्ही घ्या."

"मशीन का नाही घेत मावशी?" धाकटीने विचारले.

"घेते की. वीज तू देणार असशील तर आत्ता घेते."

धाकटीने ही मागणी नोंदवली. डिसेंबरात अंगणात सकाळी साडेआठच्या आत ऊन. ज्या रचनेत हे जमणार नाही ती बाद. संगणकाने सहा हजार दोनशे बारा रचना तयार केल्या, घासून-पुसून तीन उरवल्या आणि त्यांतली एक सर्वांत चांगली ठरली. तीत आठ मजल्यांची एक इमारत अंगणाच्या पूर्वेला होती, आणि ऊन आठ वाजून वीस मिनिटांनी येणार होते. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने ती मंजूर केली.

राहिले होते लोकांना दाखवणे. बाई म्हणाल्या, "पडद्यावर लोकांना कंटाळा येतो. ते मेज खाली काढा. दिवा हलताना बघायला सगळ्यांना आवडतं." म्हणजे मला कामासाठी कोणी बोलावले नव्हते. मी शोभेसाठी आले होते.

निवृत्त झालेल्या सुतारकाकांना निरोप गेला. त्यांनी वस्तीची लाकडी प्रतिकृती केली. आल्या आल्या त्यांनी माझ्या पायाचा टवका पाहिला, हमालांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि मग माझ्या चाकाला तेल दिले. नऊ वर्षांनी तेल मिळाले तेव्हा मी जे कुरकुरले ते तक्रारीचे नव्हते. धाकटी म्हणाली, "काका, बसतंय का हे अजून नीट?"

"माझ्यापेक्षा बरं बसतंय, पोरी. माझे गुडघे बघ एकदा."

शनिवारी सकाळी अकरा वाजता वस्तीच्या सभागृहात माणसे जमली. साधारण नव्वद. काकांनी प्रतिकृती माझ्यावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे पितळी खिळ्याचे टोक माझ्या उत्तरेच्या खुणेशी जुळवले. पडदे ओढले. दिवा लागला. बाईंनी जून दाखवला, मार्च दाखवला. लोक आपापली खिडकी शोधत होते, एकमेकांच्या डोक्यावरून वाकत होते. एक आजोबा आपल्या गॅलरीवर बोट ठेवून म्हणाले, "आलं ऊन! आता झोपायला हरकत नाही." सगळे हसले.

मग मावशी पुढे आल्या. "माझं अंगण दाखवा. थंडी. सकाळी नऊ."

बाईंनी दिवा तळाशी आणला. काकांनी फळी नऊच्या खुणेवर आणली.

अंगण काळे होते.

"अजून पुढे," बाई म्हणाल्या. साडेनऊ. काळे. दहा. काळे. आठ मजल्यांची इमारत अंगणावर मांजरासारखी पसरली होती. साडेदहा. एक दोरीही उजळली नव्हती. अकराची खूण ओलांडली तेव्हा उजेडाची एक बारीक फीत कोपऱ्यात शिरली.

"अकरा पाच," काका म्हणाले.

मावशी धाकटीकडे वळल्या. मग त्यांनी आवाज न चढवता विचारले, "तू तर आठ वीस म्हणाली होतीस ना गं?"

धाकटी घाईने पुढे आली. "मावशी, हे जुनं मेज आहे. कल बिघडला असेल. मी संगणकावर दहा वेळा पाहिलंय."

मित्रांनो, खरे सांगते, त्या क्षणी मलाही तसेच वाटले. नऊ वर्षे आडवे पडल्यावर कोणाचाही कल बिघडू शकतो.

काकांनी खिशातून ओळंबा काढला, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, आणि माझा कल मोजला. तो होता तसाच होता. "मेज बरोबर आहे," ते म्हणाले. "आणि उत्तर दिशाही बरोबर आहे. मागच्या मंगळवारी दुपारी अंगणात काठी रोवून घेतलीय. या मावशींनीच काठी धरली होती."

"धरली होती," मावशी म्हणाल्या. "अर्धा तास. मला वाटलं माणूस भुताखेताचं काही करतोय."

कोणी हसले नाही. धाकटीने संगणक उघडला. पडद्यावर तोच नकाशा होता. रस्ता खालच्या कडेला अगदी समांतर. कोपऱ्यात एक लहान बाण, बत्तीस अंशांनी कललेला. ती त्या बाणाकडे बघत राहिली. तिने सात महिने माणसांना विचारले, दोऱ्या मोजल्या, चादरींचे वजनसुद्धा लिहून घेतले. संगणकाला बाण कळत नाही, त्याच्या लेखी कागदाची वरची कड म्हणजेच उत्तर, हे मात्र तिच्या ध्यानात राहिले नव्हते. कागदावर जी इमारत पूर्वेला होती ती जमिनीवर आग्नेयेला येत होती. थंडीतला सूर्य सकाळी नेमका तिकडूनच वर चढतो. सहा हजार दोनशे बाराच्या सहा हजार दोनशे बारा रचना एका खोट्या सूर्याखाली तपासल्या गेल्या होत्या. संगणकाने एकही बेरीज चुकवली नव्हती. त्याला ज्या दिशेला तोंड करून बसवले, त्या दिशेला तो प्रामाणिकपणे पाहत होता.

"माझी चूक आहे," धाकटी हळूच म्हणाली.

बाईंनी पडदे उघडले. सभागृहात खरे ऊन आले. त्या लोकांकडे वळून म्हणाल्या, "चूक हिची आहे, पण दंडक माझा आहे. छत्तीस वर्षं मी नकाशा सरळ ठेवायला लावला, वाचणाऱ्याची मान दुखू नये म्हणून. बाण कुणी बघतंय का, ते मी कधी विचारलं नाही. मंजुरीच्या कागदावर सही माझी आहे."

इतक्या वर्षांत मी बाईंना चूक कबूल करताना दोनदाच पाहिले. पहिली वेळ माझ्या फळीच्या कलाची होती, आणि तीही त्यांनी फक्त काकांपाशी केली होती.

"आत्या..." धाकटी म्हणाली.

"इथे बाई म्हणायचं," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मावशींनी दोघींकडे पाहिले. "तुमचं आत्या-भाचीचं नंतर बघा. माझ्या दोऱ्यांचं काय?"

यापुढची हकिगत थोडक्यात अशी. धाकटीने नकाशा बत्तीस अंशांनी फिरवला आणि संगणकाला पुन्हा कामाला लावले. सोमवारी दुपारी नवे उत्तर आले. आठ मजली इमारत अंगणाच्या वायव्येला नेली तर ऊन आठ पंचवीसला येते. त्यासाठी चार दुकानांच्या जागा बदलाव्या लागतात. चारपैकी तीन दुकानदार तयार आहेत. चौथा चावीवाला आहे. तो म्हणतो, "माझं गिऱ्हाईक घाईत असतं, नव्या जागी शोधत बसणार नाही." त्याचेही खोटे नाही.

मंगळवारी बाई नवा नकाशा घेऊन मंजुरीच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळे नीट ऐकून घेतले. नियम असा आहे की अंगणात थंडीत दिवसातून दोन तास ऊन यावे. कोणते दोन तास, हे नियमात नाही. मंजूर रचनेत ऊन अकरा पाचला येते आणि पावणेदोनपर्यंत राहते. म्हणजे दोन तासांहून जास्तच. "नियमाप्रमाणे चूक झालेलीच नाही," ते म्हणाले. "तरी बदल हवा असेल तर सुनावणी घ्यावी लागेल." सुनावणी शुक्रवारी अकरा वाजता ठेवली आहे. दरम्यान खोदकामाच्या ठेकेदाराने जुन्या नकाशाप्रमाणे अंगणाच्या आग्नेय कोपऱ्यात पत्र्याचे कुंपण घातले आहे. खोदायला त्याने अजून सुरुवात केलेली नाही. सोमवारपासून करू, असे तो म्हणतो.

सुनावणीत काय दाखवायचे यावर कार्यालयात बराच खल झाला. धाकटीने तक्ते तयार केले. मावशी म्हणाल्या, "तक्ते मला कळले नाहीत, त्यांना काय कळणार? ते फिरणारं मेज न्या. अंधार करा आणि नऊ वाजवा." बाईंनी मला तिथे आणण्याची परवानगी मागणारे पत्र बुधवारी दिले.

हे सारे सांगण्यामागे माझा एक स्वार्थ आहे, आणि तो लपवत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, एखाद्या कार्यालयात माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात असेल तर त्याच्या चाकाला वर्षातून एकदा तेल द्या. त्याची पूजा नको, त्याला काचेच्या कपाटातही ठेवू नका. अधूनमधून त्याच्याकडून काम करून घ्या. नव्या यंत्रालाही नावे ठेवू नका, त्याने काही पाप केलेले नाही. त्याला कामाला लावण्याआधी एकदा त्याला सूर्य कुठे आहे ते सांगा. आणि ज्यांच्या अंगणाचे ऊन तुम्ही मोजता आहात त्यांना काठी धरायला बोलवा. त्या अर्ध्या तासात त्यांनी तुम्हाला भुताखेताचे म्हटले तरी चालेल.

आज शुक्रवार. सकाळचे सव्वानऊ झाले आहेत. सुतारकाकांनी माझ्या तुटक्या पायाखाली एक पाचर बसवली आहे आणि प्रतिकृती गादीत गुंडाळून बांधली आहे. मावशींनी चादरी जोडीदारणींवर सोपवल्या आहेत आणि त्या दारात उभ्या आहेत. धाकटी फोन हातात धरून बसली आहे. मला आत येऊ देणार की नाही, याचे उत्तर मंजुरीच्या कार्यालयाकडून अद्याप आलेले नाही. टेम्पो आला आहे.